अवयव पसरणारे कासव

लिंबागणेशच्या शिवारातील एका जुन्या विहिरीच्या काठी कासव पाहत बसलो होतो. माझी सावली पाण्यावर पडताच ते तळाला गेले. बराच वेळ काहीच घडले नाही. मग नळीसारखे नाक तेवढे वर आले आणि बुडाले. तिसऱ्या खेपेस मानही बाहेर आली, पाय सैलावले आणि ते निवांत तरंगू लागले.

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ५८ व्या श्लोकात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. तिथे कासव अंग आवरून घेते, एवढेच आहे. आपल्या वर्गांतूनही 'कासव म्हणजे इंद्रियसंयम' हे समीकरण तेवढ्यावरच थांबते. परंतु १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी हा श्लोक मराठीत आणताना एक भर घातली. त्यांचे कासव प्रसन्न झाले की अवयव पसरते आणि इच्छा होईल तेव्हा आपले आपण आवरते. संयम म्हणजे भयाने मिटणे नव्हे. पसरणे आणि आवरणे या दोन्हींवरील सत्ता होय. मूळ उपमेचा अर्थच इथे विस्तारला आहे, आणि आपण शिकवताना नेमका तोच भाग गाळतो.

याचा अर्थ संतकाव्यातील प्रत्येक कासव प्रत्यक्षातले आहे, असा नव्हे. केवळ दृष्टीने पिलांना पोसणारी कासवी हा कविसंकेत आहे. खरी मादी मातीत अंडी पुरून निघून जाते. पिले स्वतःच पाण्याची वाट शोधतात. कदाचित पोसणारे कुणीच न दिसल्यामुळे नजरेची कल्पना सुचली असावी. संकेत कोणता आणि निरीक्षण कोणते, हे ओळखण्यासाठी तरी प्राणी पाहिलेला हवा.

पाहण्याची संधी मात्र आक्रसते आहे. आपल्याकडील मऊ पाठीचे, मागचे पाय पोटाखालच्या झडपांनी झाकणारे कासव पाणी आटले की चिखलात पुरून घेऊन पावसाची वाट पाहते. उन्हाळ्यात यंत्राने गाळ उपसताना त्याचा विचार कोण करतो? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही 'शुभ' म्हणून ते घरच्या काचपेटीत कोंडले जाते. तिथे ते आवरलेलेच दिसणार.

म्हणून अध्यापकांना सुचवावेसे वाटते : ही ओवी शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तासभर विहिरीकाठी बसवावे. कासव अंग आवरताना लगेच दिसेल. पसरताना पाहायचे, तर आपल्यालाच स्वस्थ बसावे लागेल.