फुकट सल्ल्याची किंमत



आपल्या केंद्रातला मोफत कायदा सल्ला आठवड्यातून दोन दिवसांऐवजी एकच दिवस मिळेल, अशी चार ओळींची सूचना गेल्या अंकात छापली होती. ती वाचून काहीजणींनी विचारलं, "सल्ला फुकट आहे ना, मग पैसे कशाला लागतात?" प्रश्न रास्त आहे. येणाऱ्या बाईला तो फुकट असतो. पण वकील मैत्रिणीचं एसटीचं भाडं, तिचं बुडालेलं काम, खोलीचं भाडं, झेरॉक्स, हे कुणीतरी भरावंच लागतं.

सरकार मोफत वकील देतंच की, असंही कुणी म्हणेल. खरं आहे. १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ साली अमलात आला. त्याच्या कलम १२ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तो मागायला आपण बायकांना पाठवतोच आणि पाठवत राहू. पण आपल्याकडे येते ती बहुतेकदा त्याच्या आधीच्या पायरीवरची बाई. कोर्टात जायचं की नाही, हेच तिचं ठरलेलं नसतं. नोटरीपुढे स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून आणलेली असते, सही उद्या करायची असते, आणि मामा म्हणतो, कर. तिला तासभर ऐकून घेणारं आणि कायदा माहीत असणारं माणूस लागतं. त्या तासासाठी पैसे उभे करणं सगळ्यात अवघड.

२०२० साली परदेशी निधीचा कायदा बदलला. एका संस्थेने तो निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या शहरातल्या संस्थांकडून तालुक्यापर्यंत झिरपणारा पैसा तिथेच आटला. कंपन्यांना शिलाई मशीन वाटायला आवडतं. त्याचा फोटो निघतो. न केलेल्या सहीचा फोटो कसा काढणार?

म्हणून ऑनलाइन प्रश्नमंजूषेची कल्पना निघाली. माणशी २०० रुपये देणगी, चौघींचा गट, रविवारी संध्याकाळी दीड तास. बैठकीत वाद झाला. एका ज्येष्ठ कार्यकर्तीने सरळ विचारलं, "बायकांच्या दुःखाची कोडी घालणार का?" तिच्या त्या प्रश्नामुळेच ठरलं की कुणाचीही हकीगत, नाव बदलूनसुद्धा, वापरायची नाही. प्रश्न फक्त कायद्याचे.

नणंदा-भावजया, बँकेतल्या मैत्रिणी, कॉलेजच्या मुली, नोकरीसाठी दूर गेलेल्या आपल्या जुन्या कार्यकर्त्या असे गट जमले. हसणंखिदळणं भरपूर झालं. पण कमावती बाई मोफत सरकारी वकील मागू शकते का, या प्रश्नाला बहुतेक गटांनी 'नाही' लिहिलं, त्यात पदवीधर होत्या, देणगीदार होत्या. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५च्या कायद्याचा आधार फक्त बायकोला असतो, असं अनेकींना वाटत होतं. आई, बहीण, विधवा भावजय यांनाही तो असतो, हे ऐकून पडद्यावर क्षणभर शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी एकीचा फोन आला. बक्षिसाबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "बहिणीला घेऊन येते. कोणत्या वारी येऊ?"

आता खटकलेली गोष्ट. जिच्यासाठी हा खटाटोप, ती बाई त्यात नव्हती. घरातला एकच मोबाईल नवऱ्याच्या खिशात, किंवा तिचा स्वतःचा असला तरी रोज तपासला जाणारा. तिला झूमची लिंक पाठवणं म्हणजे तिच्या अडचणीत भर घालणं. तेव्हा तेच प्रश्न आम्ही बचत गटांच्या बैठकांत कागदावरून वाचून घेतले, देणगी न मागता. तिथे उत्तरं जास्त बरोबर आली, असं माझं मत. कोर्टाची पायरी चढलेल्या बाईला तारीख म्हणजे काय ते पाठ असतं.

जमलेल्या पैशांतून दुसरा दिवस पुन्हा सुरू झाला आहे, पण तो मार्चपर्यंतच पुरेल. दर वेळी खेळ मांडून केंद्र चालणार नाही. दरमहा १०० रुपये देणाऱ्या मैत्रिणी मिळाल्या, तर वकील मैत्रिणीला वर्षभराचा शब्द देता येईल. पावती पुस्तकं प्रत्येक गटाकडे पाठवत आहोत.

पुढच्या प्रश्नमंजूषेसाठी प्रश्नही पाठवा. मात्र उत्तरासोबत कायदा आणि कलम लिहा. या वेळी पोटगीच्या प्रश्नाला आमच्या कागदावर उत्तर होतं कलम १२५. कायद्याच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलीने हात वर करून सांगितलं, १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात ते कलम १४४ आहे. गुण तिच्या गटाला दिले.