दूरचे जवळ कसे येते?

भोपाळच्या बिट्टन मार्केटात एका गृहस्थांनी लेकीसाठी घेतलेला नवा मोबाइल आम्हांस दाखविला. खोक्यावर ‘शंभरपट झूम’ असे छापलेले. पण दूरच्या दुकानाची पाटी त्यात काही केल्या वाचता येईना! असे का व्हावे? टिपलेल्या चित्राचा मधला तुकडा ताणला, तर तो मोठा दिसतो. नवा तपशील त्यात येत नाही. खरा ‘ऑप्टिकल झूम’ हे भिंगाचे काम. अधिक नाभीय अंतराचे भिंग दूरची वस्तू मुळातच मोठी टिपते. असले लांब भिंग पातळ मोबाइलात उभे मावत नाही; म्हणून २०१९ च्या हुआवे पी३० प्रो मध्ये लोलकाने प्रकाश काटकोनात वळवून भिंगे आडवी बसविली होती. तिथे खरी वाढ ५ पटच! म्हणून वाचकहो, कष्टाचा पैसा मोजण्यापूर्वी ‘ऑप्टिकल किती पट?’ एवढे अवश्य विचारावे.