धाराशिवला स्वतःचा क्लब हवा

मिलान शहरातला ऑलिंपिया हा बास्केटबॉल क्लब 1936 पासून खेळतोय. प्रायोजकांनुसार नावं बदलली: बोर्लेत्ती, सिमेंथाल, आता अरमानी. 1966 मध्ये तो युरोपचा विजेता ठरला. क्लब मात्र मिलानचाच राहिला.

असाच स्वतःच्या नावाचा क्लब धाराशिवलाही हवा. या जिल्ह्याची शान म्हणजे खो-खो. आठ जणी आलटून-पालटून उलट तोंडं करून बसलेल्या, नववी खांबाशी सूर मारून गडी टिपते. कोपरं मातीत सोलवटतात. याच जिल्ह्याच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी 2016 मध्ये दक्षिण आशियाई सुवर्ण जिंकलं. 2020 चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला.

2022 मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. मुंबईचा संघ आला, ओडिशाचा आला, धाराशिवचा नाही. हे मनाला लागतं. जिल्ह्याच्या नावाचा व्यावसायिक क्लब उभा राहायलाच हवा, आणि त्यात जिल्ह्यातल्या माकणीसारख्या गावांमधल्या मुलींना पगारी जागा हवी.