श्वानपालकाची पेटी

कुत्र्यास पट्टा, सांखळी व निजावयास गोणपाट दिलें म्हणजे पाळणाराचें कर्तव्य संपलें, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आम्हीही बरींच वर्षें त्याच समजुतींत होतों. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं सायंकाळीं आमच्या मोतीचा पंजा फुटक्या बाटलीच्या कांचेनें कापला. पशुवैद्याचा दवाखाना बंद. घरांत धड स्वच्छ कापड सांपडेना. एकानें रॉकेल ओतावयास सुचविलें. शेजारच्या एका सद्गृहस्थांनीं तर मोठ्या आस्थेनें माणसांची तापाची गोळी पुढें केली. ती आम्ही दिली नाहीं हें केवळ सुदैव, ज्ञान नव्हे! पॅरासिटॅमॉल काय किंवा आयब्युप्रोफेन काय, कुत्र्याच्या प्राणावर बेतूं शकतें, हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं कळलें. आठ वर्षें आमच्या पायांशीं निजणारा तो मुका जीव, पंजास हात लागतांच आमच्यावरच दांत विचकून धांवला.

तेव्हांपासून आमचें स्पष्ट मत झालें आहे कीं, ज्या घरीं कुत्रा आहे तेथें त्याची निराळी औषधपेटी असलीच पाहिजे. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबाही चालेल. निर्जंतुक घड्या, रुंद पट्ट्या, बोथट टोंकाची कात्री, गोचीड काढावयास चिमटा व थर्मामीटर एवढें तींत असावें. कुत्र्याचें अंग मुळांतच आपल्याहून उष्ण; सुमारें १०१ ते १०२॥ अंश फॅरनहाइट ही त्याची निरोगी स्थिति. जखम धुण्यास पोव्हिडोन आयोडीन ठेवावें, परंतु पाण्यांत मिसळून कोऱ्या फिक्या चहासारखा रंग आल्यावरच तें वापरावें. रक्त वाहत असल्यास घडी ठेवून कांहीं मिनिटें दाबून धरावें. थांबलें कीं नाहीं हें पाहण्यास ती वारंवार उचलूं नये.

सर्वांत उपयोगाची वस्तु म्हणजे दोन हात लांबीची मऊ पट्टी. ती तोंडाभोंवतीं वेढून, हनुवटीखालीं आणून कानांमागें बांधावी. कारण वेदनेंत शहाणा कुत्राही चावतो. वांती होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड बांधूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, येथें एक गोष्ट तुमच्यासाठीं. कुत्र्याचा दांत किंवा ओरखडा लागल्यास रागें भरतील म्हणून घरीं लपवूं नका. साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जा. पाश्चर यांनीं १८८५ सालीं लस टोंचून दाखविली खरी. पण पिसाळाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर तिचा उपयोग होत नाहीं.

कित्येक पालक म्हणतील, "माणसांसच औषध वेळेवर मिळत नाहीं, तेथें कुत्र्याचे हे लाड कशास?" तक्रार खोटी नाहीं. परंतु दारीं बांधा म्हणून कुत्रा सांगावयास आला नव्हता; आपणच त्यास आणिलें. शिवाय पेटी वैद्याची जागा घेत नाहीं. दवाखान्यापर्यंतची वाट तेवढी ती निभावून नेते. मुंबईकरांस परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तरी आहे. खेड्यांत ती वाट फार लांबते.

मोतीचा पंजा बरा झाला. पेटी आतां फडताळांत असून झांकणाच्या आंत पशुवैद्यांचा दूरध्वनि क्रमांक व लसीची तारीख चिकटविली आहे. देखरेख घरांतील सर्वांत धाकट्याकडे. गेल्या महिन्यांत तपासणीचे वेळीं कात्री नाहींशी झालेली आढळली. ती पतंगाच्या मांज्यांत सांपडली.