केसपेपरवर माहुलचा पत्ताही वाचा

लकवा झालेल्या माणसाच्या घरी पहिल्या आठवड्यात काय बोलणं चालतं ते मला पाठ झालं आहे. ‘फार टेन्शन घ्यायचे.’ ‘पहाटे गार पाण्याने आंघोळ केली.’ ‘अंगावरून वारं गेलं.’ भेटायला येणारा प्रत्येक जण आपलं एक कारण ठेवून जातो आणि ती सगळी कारणं शेवटी आजाऱ्याच्याच माथी येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मुंबईत चेंबूरपासून माहुल गाव, आंबापाडा आणि प्रकल्पग्रस्तांच्या सातमजली इमारतींपर्यंत घरोघरी जाऊन लकवा झालेल्यांचे व्यायाम घेते. वळलेली मूठ कोमट पाण्यात सैल करून आतली नखं कापणं, लोंबणारा खांदा ओढू नका म्हणून घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगणं, हे माझं रोजचं काम. मी पोचते तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणूनच ते का झालं, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

लकवा हा एकच आजार नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत गुठळी अडकली तर पुढचा भाग रक्तावाचून मरतो. धमनी फुटली तर रक्त मेंदूतच साचून दाब वाढतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. पहिल्याला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तारतं, दुसऱ्याला तेच इंजेक्शन मारक ठरतं. फरक सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 आणि 2006 या दोन वर्षांत मुंबईतल्या एका भागात पाहणी केली होती. वर्षाला लाखामागे सुमारे 145 जणांना पहिल्यांदाच लकवा झाल्याचं त्यांना आढळलं. त्यांतले सुमारे 80 टक्के गुठळीचे होते, 18 टक्के रक्तस्रावाचे. आणि जवळजवळ 30 टक्के माणसं महिन्याच्या आत दगावली होती.

पुनर्वसनाच्या इमारतीतले एक काका, पन्नाशीही ओलांडलेली नाही, वॉचमनची नोकरी. रात्रपाळी करून आले, चहा घेता घेता कप हातातून पडला. मेंदूत रक्तस्राव. त्यांच्या बायकोने मला मिठाईच्या जुन्या डब्यात ठेवलेली औषधं दाखवली. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची एक पट्टी होती, दहांपैकी चार उरलेल्या. सोबतचं बिल घाटकोपरच्या एका मेडिकलचं, कित्येक महिन्यांपूर्वीचं. ‘ताई, त्यांना बरं वाटत होतं, म्हणून बंद केली,’ ती म्हणाली. मग थोडं थांबून, ‘आणि तो डॉक्टर तिकडेच राहिला ना.’

माझं म्हणणं या दुसऱ्या वाक्याभोवती आहे. वाढलेलं प्रेशर दुखत नाही, खुपत नाही. ते वर्षानुवर्षं मेंदूच्या खोल भागातल्या बारीक धमन्यांच्या भिंती झिजवत राहतं. एखादी फुटते, एखादी आतून जाड होऊन बंद पडते. लकव्याच्या दोन्ही प्रकारांमागचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. महापालिकेने 2021 साली केलेल्या पाहणीत मुंबईतल्या प्रौढांपैकी साधारण 34 टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला होता. प्रेशरमुळे होणारे बरेच लकवे टाळता येतात ते स्वस्तातल्या गोळीने, रोज, न चुकता. पण रोज न चुकता गोळी घ्यायची तर ओळखीचा डॉक्टर हवा, उधार देणारं मेडिकल हवं, जाता-येता वाटेत पडणारा दवाखाना हवा. या माणसांना हे सगळं जुन्या वस्तीत होतं. तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंची दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने 2009 मध्ये दिला. पुढे 2017 पासून विद्याविहार, घाटकोपर भागातली जलवाहिनीलगतची हजारो कुटुंबं माहुलला आणून टाकली गेली. इथे 72 इमारती आणि 17 हजारांहून अधिक घरं उभी होती. दारं होती, नळ होते. तुटला तो डॉक्टर-मेडिकल-दवाखान्याचा धागा. कामं जुन्या वस्तीजवळच राहिली, प्रवासात पैसे आणि वेळ जाऊ लागला, आणि महिन्याच्या खर्चातून पहिली कात्री लागली ती न दुखणाऱ्या आजाराच्या गोळीला. या माणसांना बेफिकीर म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

प्रेशरखेरीज इतर कारणंही आहेत, आणि ती वयाला जुमानत नाहीत. माझ्याकडची एक बाई, वय पस्तिशीच्या आत, उजवी बाजू गेलेली, बोलता येत नाही. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, सांधे धरायचे. तेव्हाच हृदयाची झडप बिघडली होती, ते कळलं लकव्यानंतर. अशा झडपेमागे रक्त साकळतं, ठोके अनियमित होतात आणि एखाद दिवशी गुठळी सुटून थेट मेंदूत जाते. उतारवयात झडप धड असूनही ठोके बिघडतात आणि तोच प्रकार घडतो. मधुमेह आणि कोलेस्टेरॉल मानेतल्या मोठ्या धमन्या अरुंद करतात. कधी मेंदूवरच्या धमनीला जन्मजात किंवा पुढे आलेला फुगा असतो. तो फुटतो तेव्हा आयुष्यात कधी झाली नव्हती एवढी डोकेदुखी क्षणात सुरू होते, आणि बामची बाटली शोधण्यात वेळ जातो.

बाळंतिणीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घरातल्या मायेनेच तिथे घात होतो. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त साकळण्याकडे झुकलेलं असतं. त्यात रक्त कमी असेल आणि ‘ओल्या बाळंतिणीला पाणी कमी द्यावं’ म्हणून तिला तहानलेली ठेवली, तर मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. सतत ठणकणारं डोकं, धूसर दिसणं, मग फिट. आई-सासू म्हणतात, बाधा झाली. बाळंतिणीला पोटभर पाणी द्या, आणि तिची डोकेदुखी दिवसेंदिवस थांबत नसेल तर दवाखान्यात न्या. गणपतीत पाळी नको म्हणून डॉक्टरला न विचारता मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचीही मला धास्ती वाटते. हार्मोनच्या औषधांनी काही बायकांमध्ये अशीच गुठळी होते.

मशेरीचंही तसंच. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास जिन्यातच येतो. बायका ती दातांना लावून तासभर बसतात आणि ‘मला कसलं व्यसन नाही’ असं मनापासून सांगतात. निकोटीन हिरडीतून रक्तात उतरतं आणि प्रेशर चढवतं. खाण्यात म्हणाल तर कोळीवाड्यात वलांडीवर नुसत्या उन्हात सुकवलेला बोंबील त्यातल्या त्यात बरा, खारवलेला मासा, लोणचं, पापड आणि रोजचा फरसाण ही खरी अडचण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून एक चहाचा चमचाही नाही.

इथवरचं कुठल्याही वस्तीला लागू पडेल. माहुलचं वेगळेपण हवेत आहे. तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना, औष्णिक वीजकेंद्र आणि रसायनांच्या टाक्या यांच्या मधोमध ही माणसं राहतात. केईएम रुग्णालयाने 2013 मध्ये इथे केलेल्या पाहणीत 67 टक्के लोकांनी महिन्यात तीनहून अधिक वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं होतं, 86 टक्क्यांनी डोळे चुरचुरत असल्याचं. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्ये इथल्या रहिवाशांच्या जिवाला हवेचा धोका असल्याचं मान्य केलं आणि ऑगस्ट 2020 मध्ये दोन तेल कंपन्या व दोन साठवण कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तर कुणाला माहुलमध्ये राहायची सक्ती करता येणार नाही, असं सांगून महिना 15 हजार रुपये भाड्यापोटी द्यायला लावले.

हे सगळं झालं ते मुख्यतः श्वासाच्या, डोळ्यांच्या आणि कातडीच्या तक्रारींवरून. लकव्याचं नाव त्यात फारसं आलं नाही. यायला हवं. 2024 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आलेल्या जागतिक अभ्यासाने हवेतल्या सूक्ष्म कणांना लकव्याच्या प्रमुख कारणांत धरलं आहे. मेंदूच्या आवरणाखाली होणाऱ्या रक्तस्रावामुळे येणारे मृत्यू आणि अपंगत्व यांपैकी 14 टक्के वाटा या कणांचा, म्हणजे धूम्रपानाच्या बरोबरीचा. हे कण फुप्फुसात शिरून शरीरात दाह निर्माण करतात, धमन्या आखडवतात, प्रेशर वाढवतात. अमक्या काकांचा लकवा तमक्या धुराड्यामुळे झाला, असं कुणीही डॉक्टर लिहून देऊ शकणार नाही. माहुलच्या खटल्यात भर होता तो रसायनांच्या वाफांवर, आणि लकव्याचा पक्का पुरावा आहे तो सूक्ष्म कणांबद्दल, हा फरकही मी विसरत नाही. पण आजाऱ्याला ‘तंबाखू खाता का, मीठ किती’ असं आपण विचारतो, तसा त्याचा पत्ताही कारण म्हणून वाचायला काय हरकत आहे? मीठ तो कमी करू शकतो. हवा त्याच्या हातात नाही, आणि म्हणूनच जे करता येण्यासारखं आहे त्याची जबाबदारी ज्यांनी त्याला इथे आणलं त्यांच्यावर जास्त येते.

काय करता येईल ते अवघड नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं प्रेशर वर्षातून दोनदा इमारतीखाली येऊन मोजा, आणि रविवारी मोजा, कारण इतर दिवशी माणसं कामावर असतात. गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम द्या. ‘आपला दवाखाना’ योजनेत रात्री दहापर्यंत दवाखाना चालवता येतो हे शहराने 2022 पासून पाहिलं आहे. तशी वेळ माहुलला सर्वांत आधी हवी. इथून नव्या जागी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती घराच्या किल्लीसोबत औषधांची नोंद आणि नव्या दवाखान्याचं नाव द्या, म्हणजे धागा दुसऱ्यांदा तुटणार नाही.

आणि एक पाटी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. मोठी गुठळी तारेने काढायची मुदत निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत जाते. माहुलमधला माणूस यातला बराच वेळ चुकीच्या दारात घालवतो: आधी तेल चोळणं, मग जवळचं नर्सिंग होम, मग ‘इथे सीटी नाही, पुढे न्या’. हात दहा मिनिटं बधिर होऊन पूर्ववत झाला तर तो घरीच राहतो, खरं तर पुढच्या दोन दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका तेव्हाच सर्वाधिक असतो. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन दोन्ही कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं, त्याचं नाव, फोन नंबर आणि खाली 108, एवढं ठळक अक्षरांत प्रत्येक इमारतीच्या जिन्यापाशी लावायला वॉर्ड ऑफिसला किती खर्च येईल? नाव लिहिताना तिथे ती सोय खरोखर चोवीस तास चालू आहे का, हे त्यांना तपासावं लागेल. मला ते तपासायला लागावं, हेच हवं आहे.