अधिवेशनाची पिशवी

अधिवेशन म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे आधी पिशवी येते. काही वर्षांपूर्वी कर्मचाऱ्यांच्या एका अधिवेशनाला आम्ही गेलो होतो. परत आल्यावर कचेरीतल्या सोबत्यांनी विचारले, "काय ठरले?" आम्ही म्हणालो, "जेवणाची व्यवस्था चांगली होती." आमच्या गाडीभाड्याची वर्गणी त्यांनीच काढली होती. त्या दिवशी खाली गेलेली मान आम्हांला अजून आठवते.

ही आठवण निघाली ती शेजारच्या मुलीमुळे. बी. कॉम. झालेली ही मुलगी पुण्यात बसून अमेरिकेतल्या एका कंपनीच्या कायदा विभागाचे काम करते. ती वकील नाही, वकिलांची बिले तपासते. बाहेरच्या वकिलांचे दर ठरविणे, करारांच्या फायली लावणे, संगणक प्रणाली निवडणे, वर्षाचा खर्च मांडणे, या साऱ्या कारभाराला तिकडे 'लीगल ऑपरेशन्स' म्हणतात. बिलात तासाचे दहा भाग करतात, म्हणजे सहा-सहा मिनिटांचा हिशेब. प्रत्येक ओळीला सांकेतिक क्रमांक असतो. ई १०१ म्हणजे झेरॉक्स, ई ११० म्हणजे बाहेरगावचा प्रवास. प्रवासभत्त्याची बिले तपासण्यात आमची उमर गेली. हे ऐकून आम्हांला तर घरचेच माणूस भेटल्यासारखे वाटले!

या मंडळींची 'क्लॉक' नावाची संस्था २०१६ साली रीतसर उभी राहिली. तिचे पहिले अधिवेशन त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोला झाले. पुढच्या वर्षापासून ते लास व्हेगासला, बेलाजिओ हॉटेलात भरू लागले. शहर जुगाराचे, चर्चा मात्र बिलांची आणि करारांची. पण आम्हांला नवल वाटले ते त्यांच्या तयारीचे.

तयारी काही महिने आधी सुरू होते आणि तिचा पहिला कागद म्हणजे मंजुरीची टिपणी. नोंदणी, विमान, हॉटेल यांचा खर्च एका बाजूला आणि त्यातून विभागाच्या पदरात काय पडणार ते दुसऱ्या बाजूला, सारे एका पानात. "ज्ञानात भर पडेल" असे लिहिले तर कोणताही साहेब सही करणार नाही. "करार मागणीपासून सहीपर्यंत इतके दिवस अडकतो, त्यावर तीन प्रणाली प्रत्यक्ष पाहून येऊ" असे लिहिले तर निदान तो वाचून तरी पाहील.

मग आकडे. वर्षभरात किती प्रकरणे, किती वकील कंपन्या, त्यांना किती पैसे गेले, किती बिले त्रुटी काढून परत पाठविली. आपले आकडे खिशात नसतील तर दुसऱ्याचे ऐकून काय कळणार? मात्र हे आकडे जपून वापरावे लागतात. अशिलाचे गुपित चहाच्या टेबलावर बोलायचे नाही. आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या माणसांनी मिळून "वकिलांना इतकाच दर देऊ" असे ठरवले, तर तिकडच्या स्पर्धा कायद्याखाली प्रकरण अंगाशी येते. म्हणून काय विचारायचे याबरोबरच काय बोलायचे नाही, तेही आधीच ठरलेले असते.

एकाच वेळी अनेक दालनांत व्याख्याने चालतात. दोघे गेले तर दोघांनी वाटून घ्यायची, हातात हात घालून एकाच दालनात बसायचे नाही. विक्रेत्यांच्या दालनात तर खरी कसोटी. गळ्यातला बिल्ला त्यांच्या यंत्रासमोर धरला की पेन मिळते, आणि पुढे कित्येक दिवस फोनही! जाणती माणसे सर्व विक्रेत्यांना तेच प्रश्न विचारतात, म्हणजे उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. जुन्या नोंदी तुमच्या प्रणालीत कोण आणणार? दर माणशी की वापरावर? उद्या आम्ही तुम्हांला सोडले तर आमची माहिती कोणत्या रूपात परत देणार? अलीकडे जो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचे नाव घेतो, म्हणून आणखी एक प्रश्न वाढला : आमचे करार तुमच्या यंत्राला शिकविण्यासाठी वापरणार काय? काही जण नावे-आकडे काढून टाकलेला एक करार सोबत नेतात आणि म्हणतात, "तुमचा नमुना नको, यावर करून दाखवा."

हे सारे आम्हांला त्या मुलीने सांगितले. कारण बाईसाहेबांसाठी आकड्यांचा तक्ता, प्रश्नांची यादी, कोणते व्याख्यान कितीला, हे सर्व गेली दोन वर्षे तीच करते. एका वर्षी तो तक्ता तिथे पडद्यावर दाखविला गेला. ती इकडे रात्रपाळीत बिले तपासत होती. तक्त्याखाली तिचे नाव नव्हते. बाईसाहेब वाईट नाहीत, असे ती म्हणते. त्यांना ते सुचलेच नसावे. असेल. पण ज्याने जुळवणी केली त्याला न सुचण्याची ही सवय आम्हांला आमच्या कचेरीतूनही ठाऊक आहे.

यंदाच्या मंजुरीच्या टिपणीत तिने खर्चाचे दोन रकाने केले. पहिला बाईसाहेबांचा, दुसरा स्वतःचा, पुण्याहून. समोर कारण लिहिले : परत पाठविलेल्या बिलांविषयीचे प्रश्न बिले तपासणाऱ्यानेच विचारावेत. व्हिसाच्या मुलाखतीला वेळ लागतो म्हणून टिपणी नेहमीपेक्षा बरीच आधी पाठवली. पाठविण्यापूर्वी तिने ती आम्हांला दाखविली. आम्ही एका बेरजेत चूक काढली, ती तिने दुरुस्त केली.

कागद सोमवारी गेला. उत्तर अजून आलेले नाही.