खात्यापित्या घरचं पोर

जाडजूड मूल दिसलं की मोठी माणसं त्याचा गाल ओढतात आणि म्हणतात, "खात्यापित्या घरचं पोर दिसतंय!" तेच मूल शाळेत आलं की आम्ही मुलं त्याला "ढोल्या" म्हणतो. घरी कौतुक आणि शाळेत टवाळी. मला दोन्ही बरोबर वाटत नाही. माझे मत असे आहे की, मूल प्रमाणाबाहेर जाड होते त्यात एकट्या त्याची चूक नसते. त्यात साऱ्या गावाचा हात असतो, म्हणून ते थांबवायलाही सारे गाव लागते.

कोणी म्हणेल, आपल्या शाळेत जाड मुलं मोजून दोन-तीन, हडकुळीच जास्त. खरं आहे. पण दोघांच्या हातात पुडी एकच असते. जेवणाच्या सुट्टीआधी पाच रुपयांची पुडी खाल्ली की खिचडी ताटात तशीच राहते. पहिली ते पाचवीच्या मुलांना शाळेच्या जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सरकारने ठरवले आहे. पुडीत मात्र तेल आणि मीठच जास्त. तिच्यामुळे हडकुळे मूल हडकुळेच राहते आणि जाड मूल आणखी जाड होते. अंगात फार चरबी साठली तर पुढे मधुमेह आणि रक्तदाब लवकर गाठू शकतात.

फ्रान्स देशात फ्लरबे आणि लाव्हांती अशी दोन छोटी गावे आहेत. बाईंनी आम्हांला त्यांची गोष्ट सांगितली. तिथे १९९२ साली शाळेत आहाराचे धडे सुरू झाले. पण नुसत्या धड्यांनी मुलांचे वजन लगेच कमी झाले नाही. मग गावातले डॉक्टर, दुकानदार, खेळाची मंडळे सगळी कामाला लागली. खेळायला जागा केल्या. २००४ साली पाहिले, तर त्या गावांत १०० मुलांत सुमारे ९ मुले जाड होती. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गावांत सुमारे १८ होती. म्हणजे निम्मी!

आता आपले गाव बघा. शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले खाद्य विकू नये, असा नियम आपल्या देशात २०२० साली झाला. आम्ही दोरी धरून मोजले. पुड्यांच्या माळा फाटकापासून २२ मीटरवरच लटकतात. पण दुकान बंद करा असे मी म्हणत नाही, कारण त्यावर एका घराचे पोट आहे. तिथे फुटाणे, शेंगदाणे, पेरू, बोरं ठेवावीत. आणि आम्ही मुलांनी ती घ्यावीत. आम्ही घेतलीच नाहीत तर दुकानदार काका तरी कशाला ठेवतील?

दुसरे मैदानाचे. मुलांनी रोज निदान एक तास अंगमेहनतीचा खेळ खेळावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मैदानावर सुगीत मळणी होते, लग्नात मांडव पडतो आणि एरवी ट्रॉल्या उभ्या असतात. संध्याकाळी पाच ते सहा एवढा एकच तास ते रिकामे ठेवावे. आणि त्या तासाला मुलींना "घरात ये, भांडी घास" म्हणून हाका मारू नयेत. आम्हांलाही अंग आहे.

तिसरे वाढदिवसाचे. वर्गात चॉकलेटं वाटण्यापेक्षा सगळ्यांना एकेक केळं द्यावं. त्यानेही तोंड गोड होतं.

वर्गमित्रांनो, आपलेही एक काम आहे. कबड्डीचे गडी वाटताना जाड मुलाला शेवटी ठेवू नका. चिडवल्याने कोणी बारीक होत नाही. तो फक्त खेळायला यायचा बंद होतो आणि घरी मोबाईल घेऊन बसतो. मग त्याचं अंग हलणार कसं?

पालकहो, पुढच्या ग्रामसभेत हा विषय काढा. आम्हा मुलांना तिथे हात वर करता येत नाही, म्हणून मी इथे भिंतीवर लिहिले आहे.